नाशिक धर्मप्रांतातील ख्रिस्तमंदिरे : शैली, समूह आणि वारसा

नाशिकच्या गोदाकाठी, पंचवटीत, नारोशंकराचे म्हणून ओळखले जाणारे रामेश्वराचे देवालय आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधविले. त्याच्या तटावर उंच टांगलेली प्रचंड घंटा साऱ्या महाराष्ट्रास ऐकून ठाऊक आहे. मोठ्या आवाजाच्या माणसास आपण अद्यापही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. या घंटेवर १७२१ हे साल आहे आणि तिचा घाट पोर्तुगीज आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली, त्या विजयाचे चिन्ह म्हणून ती येथे आली असे परंपरा सांगते. भीमाशंकर व मेणवली येथील घंटांविषयीही अशीच परंपरा आहे.

कॅथॉलिक ख्रिस्तमंदिरांच्या वास्तुशैलीचा विचार शिवालयातील एका घंटेपासून सुरू करावा, हे कोणास विपरीत वाटेल. परंतु प्रस्तुत विषयातील मुख्य प्रश्न या घंटेइतक्या स्पष्टपणे दुसरी कोणतीही वस्तू मांडीत नाही. ख्रिस्तमंदिराची घंटा दूरच्या माणसास बोलावण्यासाठी असते. ती मनोऱ्यातून एकजण वाजवितो व सारा गाव ऐकतो. देवळातील घंटा आलेल्या माणसाने स्वतः वाजवावयाची असते. आपण आलो आहोत हे तो देवास कळवितो. नारोशंकराची घंटा सभामंडपात, हाताशी येईल अशी टांगणे शक्यच नव्हते. तिच्यासाठी तटावर उंच जागा करावी लागली. म्हणजे घंटेचे धनी बदलले, तिचा देव बदलला, परंतु तिच्या आकाराने आपली गरज सोडली नाही. उलट नव्या वास्तूसच तिने आपल्यापुरते वळण लावले. शैली ही एखाद्या जातीची वा धर्माची जन्मजात खूण आहे, की वस्तू, कार्य व समूह यांच्या गाठीतून घडत जाणारी गोष्ट आहे, हा तो प्रश्न होय.

आपल्याकडील ख्रिस्ती वास्तुकलेची चर्चा बहुतेक पहिल्या कल्पनेवर उभी आहे. दर्शनी भिंत पाहावी, कमान टोकदार असल्यास ‘गॉथिक’, अर्धवर्तुळाकार असून वर वळणदार मकुट असल्यास ‘पोर्तुगीज’, आणि कळस वा छत्री दिसल्यास ‘भारतीय’ अशी चिठ्ठी लावावी, की विवेचन संपले. या पद्धतीच्या जोडीस दुसरी एक सवय आहे : प्राचीनत्व हेच वारशाचे एकमेव माप मानण्याची. या दोन्ही सवयींमुळे सर्वाधिक अन्याय झाला आहे तो घाटावरील धर्मग्राममंदिरांवर. नाशिकला पोर्तुगीज अमलातील एकही ख्रिस्तमंदिर नाही. तेव्हा वसई व गोवे यांच्यावर ग्रंथ व्हावेत आणि नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी, मनमाड यांच्या वाट्यास एक ओळही येऊ नये, असे घडत आले. ही उपेक्षा केवळ अभ्यासकांची हानी नव्हे. ज्या वास्तूस वारसा म्हणून कोणी ओळखीत नाही, ती पाडताना कोणास विचार करावासा वाटत नाही.

प्रथम ‘पोर्तुगीज’ या संज्ञेकडे पाहू. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. तेथील किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन व येशूसंघीय अशा संघांची मंदिरे उभी राहिली. त्यांचे अवशेष आजही उभे आहेत. या मंदिरांची सामान्य घडण अशी : एकच लांब मध्यदालन, जाड भिंती, लाकडी छप्पर, आणि आतल्या बांधणीपेक्षा कितीतरी अधिक बोलकी दर्शनी भिंत. ही कल्पना युरोपातून आली, यात शंका नाही. परंतु ती उभी राहिली कशावर? वसईच्या दगडावर, स्थानिक चुन्यावर आणि स्थानिक पाथरवटाच्या छिन्नीवर. इतकेच नव्हे, तर वसईचा काळा फत्तर समुद्रमार्गे गोव्यास जात असे. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या जुन्या गोव्यातील बॉम जेजू मंदिराची भिंत जांभ्याची असली, तरी तिच्या मुखावरील कोरीव काम वसईकडील दगडात आहे. गोव्याच्या वैभवाचे शिखर मानल्या जाणाऱ्या वास्तूच्या कपाळी महाराष्ट्राचा फत्तर असताना तिला निव्वळ ‘परकी’ म्हणणे किंवा निव्वळ ‘पोर्तुगीज’ म्हणणे, दोन्ही सारखेच अपुरे होय.

घाटावर मात हा प्रवाह पोहोचला नाही, आणि याचे कारण रुचीत नसून शासनात आहे. कोकणपट्टीतील कॅथॉलिक धर्मग्रामे पोर्तुगालच्या राजाच्या धर्माश्रयाखाली, म्हणजे ‘पाद्रुवादो’खाली होती. वसई १८८६ पासून १९२८ पर्यंत दमण धर्मप्रांतात मोडत असे. तिला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा १९९८ साली मिळाला. देशावरचा मुलूख रोमच्या धर्मप्रसार मंडळाने थेट आपल्या हाती ठेवला आणि तेथे जर्मन व पुढे स्विस येशूसंघीय काम करू लागले. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. त्यातूनच १५ मे १९८७ रोजी नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. नाशिक, अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर), धुळे, जळगाव व नंदुरबार हे पाच जिल्हे त्यात येतात. घाटाखाली लिस्बनची व घाटावर रोम-जर्मनीची सावली, असा हा भेद ध्यानी घेतल्याशिवाय दोन्हींकडील वास्तूंची तुलना व्यर्थ ठरते.

या नियमास पुण्याचा एक महत्त्वाचा अपवाद आहे. पेशव्यांच्या सैन्यातील गोवेकर व पोर्तुगीज ख्रिस्ती लोकांसाठी सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७९२ साली, मंदिरास जागा मिळाली. तेच आजचे क्वार्टर गेटजवळील ‘सिटी चर्च’. १७३९ मध्ये ख्रिस्तमंदिरांच्या घंटा नेणाऱ्या राज्यानेच अवघ्या त्रेपन्न वर्षांनी ख्रिस्तमंदिरास भूमी दिली. इतिहासाच्या या दोन पानांपैकी एकच वाचून दाखविणाऱ्याने विषयाशी प्रतारणा केली, असे म्हणावे लागेल.

नाशिक परिसरातील कॅथॉलिक वास्तूंचे, त्या ज्या समूहांसाठी उभ्या राहिल्या त्यांवरून, तीन वर्ग पडतात. पहिला छावणीचा. देवळालीची छावणी १८६१ साली स्थापन झाली. तेथील मंदिर सेंट पॅट्रिकच्या नावाचे आहे. पॅट्रिक हा आयर्लंडचा आश्रयदाता संत. इंग्रजी फौजेतील कॅथॉलिक शिपायांत आयरिश लोकांचा भरणा मोठा असे. पुण्यातील प्रमुख मंदिरही याच संताच्या नावाचे असावे, हा योगायोग नव्हे. नाव हा वास्तूचा पहिला शिलालेख असतो, तो वाचावयास चुना खरवडावा लागत नाही.

दुसरा वर्ग रेल्वेचा व कारखान्याचा. थळघाटातील लोहमार्ग १८६५ साली खुला झाला आणि इगतपुरी, मनमाड, भुसावळ येथे नोकरदारांच्या वसाहती आल्या. पुढे १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सरकारी प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले. त्यामुळे जी वस्ती वाढली, तीत प्रांतोप्रांतीचे कॅथॉलिकही होते. आज धर्मप्रांताचे प्रमुख मंदिर असलेले सेंट अ‍ॅन्स हे नाशिकरोडच्या परिसरात आहे, नाशिकच्या जुन्या गावात नाही. याची संगती या इतिहासात लागते.

या दोन वर्गांच्या वास्तूंना सामान्यतः ‘गॉथिक’ म्हणून बाजूस सारले जाते. टोकदार कमान, उभ्या अरुंद खिडक्या, तीव्र उताराचे छप्पर ही लक्षणे इंग्रजी अमदानीतील मंदिरांत आढळतात, हे खरे. परंतु समीक्षकाने येथे थांबू नये. युरोपातील उतरते छप्पर बर्फ घसरावा म्हणून होते असे म्हणतात. इगतपुरीस बर्फ पडत नाही. पण घाटमाथ्यावर जो पाऊस कोसळतो तो नाशिक शहरातील पावसाच्या कितीतरी पट असतो, आणि त्यास उतरत्या कौलारू छपरासारखे दुसरे उत्तर नाही. उलट अरुंद खिडकी व बंदिस्त दालन हे देशावरील उन्हाळ्यास मुळीच मानवत नाही. म्हणून बाजूस ओसरी, भिंतीत वरच्या अंगास झरोके, मोठी दारे अशा तडजोडी जागोजाग कराव्या लागल्या. अनुकरणाचे मूल्य अनुकरणात नसते, ते या तडजोडीत असते. मूळ आदर्शापासून वास्तू कोठे ढळली हे पाहिले म्हणजे ती कोठे आपली झाली हे कळते.

तिसरा वर्ग खेड्यातील धर्मग्रामांचा; आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात येशूसंघीयांनी अहमदनगर जिल्ह्यात कामास प्रारंभ केला. केंदळ, वळण, राहाता, संगमनेर ही त्या कार्यातील परिचित नावे. येथे ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला ते प्रामुख्याने महार व मांग समाजांतील होते. या ठिकाणची आरंभीची वास्तू म्हणजे बहुधा एकच खोली : आठवडाभर शाळा, रविवारी मंदिर. तीत दर्शनी भिंतीचे वैभव नाही, शैली म्हणता येईल असे फारसे काही नाही; म्हणून शैलीच्या इतिहासात तिला स्थान नाही. परंतु जे लोक गावच्या देवळाच्या पायरीशी थांबविले जात, ते या एका खोलीत आत येऊन, एकाच जमिनीवर, वेदीसमोर बसले. वास्तूचा अर्थ तिच्या उंबरठ्यावर ठरतो, या विधानास याहून बळकट पुरावा कोणता हवा? अर्थात जातिभेद ख्रिस्ती समाजाच्या उंबरठ्याबाहेर राहिला असे नाही, तो आतही शिरला. तरी त्या उंबरठ्याचे मोल त्यामुळे रद्द होत नाही.

येथे ‘भारतीयीकरणा’चा प्रश्न अटळपणे पुढे येतो. ख्रिस्ती वाङ्मयाने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ओवीच्या घाटात येशूची कथा तेव्हाच बसली होती. वास्तुकला मात्र तीन शतके मागे राहिली. विसाव्या शतकात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेरास यांनी भारतीय ख्रिस्ती कलेचा हिरीरीने पुरस्कार केला. पुण्यात राहणाऱ्या अँजेलो द फॉन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेस साडी नेसविली. दक्षिणेत, अँग्लिकनांच्या दोर्नकल येथील प्रमुख मंदिरात, स्थानिक मंदिरांचे व मशिदींचे घाट एकत्र आले; ते १९३९ साली पूर्ण झाले. पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीची घोषणा प्रसृत केली. ख्रिस्तसभेने कोणतीही एक शैली स्वतःची म्हणून मानलेली नाही, असा तिचा आशय होता. उपासना मराठीत आली, वेदी भिंतीपासून पुढे आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आता वास्तूही भारतीय व्हावी, असे सर्वत्र बोलले जाऊ लागले.

ही इच्छा स्तुत्य आहे. परंतु ‘भारतीय’ याचा अर्थ ‘देवळासारखी’ असा जो सरसकट घेतला जातो, त्याविषयी आम्हांस गंभीर शंका आहेत, आणि त्या नाशिकच्या भूमीवरच उद्भवतात. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. काळारामाचे मंदिर काळ्या पाषाणातील अत्यंत डौलदार वास्तू आहे, हे कोणीही मान्य करील. पण ज्यांच्या आईबापांनी त्या डौलाकडे बंद दाराबाहेरून पाहिले, त्यांच्या प्रार्थनेच्या घरावर त्याच घाटाचे शिखर चढवून ‘पाहा, आता हे तुमचे झाले’ असे म्हणणे, हे कोणाच्या दृष्टीने भारतीयीकरण?

यावर असा आक्षेप येईल की, सत्याग्रहींनी देऊळ नाकारले नव्हते, त्यावर हक्क सांगितला होता; मग त्या रूपाचा हक्काने स्वीकार का होऊ नये? आक्षेप वजनदार आहे. तो स्वीकार समूहाने स्वतः केला तर तो निःसंशय त्याचाच. पण वास्तुतज्ज्ञाने वा धर्माधिकाऱ्याने त्याच्या वतीने तो गृहीत धरू नये, एवढेच आमचे म्हणणे. शिवाय दुसरी अडचण कार्याची आहे. गर्भगृह लहान, अंधारे व एकेकाच्या दर्शनासाठी असते. मिस्सा ही जमलेल्या मंडळींची एकत्र उपासना असते. देवळाचे जे अंग सर्वांत पवित्र, ते मिस्सेस सर्वांत कमी उपयोगाचे. तेव्हा शिखर उचलावे व गर्भगृह सोडावे, हे म्हणजे शब्द घ्यावा आणि वाक्य टाकावे असे होते.

मग देशी आधार कोठे शोधावा? आमच्या मते तो जमण्याच्या आपल्या जुन्या जागांत आहे : कीर्तनाचा मंडप, गावची चावडी, वाड्याचा चौक. नाशिकच्या जुन्या वाड्यांतील चौक हा उजेड, वारा व माणसे यांना एकत्र आणणारी किती सुंदर योजना आहे, हे पाहणाऱ्यास सांगावयास नको. या दिशेने झालेला सर्वांत विचारपूर्ण प्रयत्न मुंबईत आहे. दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून ओळखले जाणारे, सोळाव्या शतकात मूळ धरलेले मंदिर चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९७४ ते १९७७ या काळात नव्याने उभे राहिले. एकाच बंद दालनाऐवजी तेथे छायेतल्या व उघड्या जागांची, चौकांची साखळी आहे. वरील शंकूसारख्या छपरांतून उष्ण हवा वर निघून जाते. कोठेही कळस नाही, पण आभाळाखाली जमण्याची आपली सवय तेथे आहे. या वास्तूचे एक उणे मात्र सांगितले पाहिजे : वृद्ध भाविकाची ज्या आकारावर भक्ती जडलेली असते तो आकारच तेथे उरला नाही, आणि काँक्रीटचा उघडा रुक्ष स्पर्श ती उणीव भरून काढीत नाही.

भाविकांनी मात्र तज्ज्ञांची वाट पाहिलेली नाही. श्रीरामपूरजवळील हरेगावास सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मरियेस ‘माउली’ म्हणणे, पायी येणे, नवस बोलणे, उघड्यावर मुक्काम करणे हे सारे वारकऱ्यांच्या मुलखातील माणसाने आपल्याबरोबर आणले. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीतील सणास सर्व धर्मांचे लोक रांगेत उभे असतात. या भक्तीचे मूळ प्राग नगरातील एका लहानशा मूर्तीत आहे, जी १६२८ साली तेथील कार्मेल संघास मिळाली. ती युरोपीय मूर्ती बाळकृष्णाच्या देशात ‘बाळ’ झाली, तिला कोणी भारतीय केले नाही. ती होऊन गेली. अशा यात्रास्थानी इमारतीपेक्षा आवार मोठे असते, आणि खरी वास्तू म्हणजे ते आवारच असते. शैलीच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या समीक्षेस हे आवार दिसत नाही, कारण त्यास दर्शनी भिंत नाही.

आता वारशाचा प्रश्न. शहरे वाढत आहेत, मंडळी वाढत आहेत, जुनी मंदिरे अपुरी पडतात. ज्यांना दर रविवारी उभे राहून मिस्सा ऐकावी लागते, त्यांना ‘जुने ते राखा’ असे दुरून सांगणे सोपे आहे, न्याय्य नाही. तसेच, राखण्याच्या उत्साहातही हानी होते. बॉम जेजूचा बाहेरील गिलावा १९५० च्या दशकात, दगड शोभून दिसावा म्हणून, काढून टाकण्यात आला. तेव्हापासून सच्छिद्र जांभा पावसाच्या माऱ्यास उघडा पडला आहे. आपण जे ‘मूळ रूप’ म्हणून कौतुकाने पाहतो ते मुळात कधी नव्हतेच. याच जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या मंदिराची छतकमान १८४२ मध्ये कोसळली आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये ढासळला; त्यामागे उपेक्षा होती. परंतु त्याची एक घंटा पणजीच्या मंदिरात गेली, आणि ती आजही मंडळींस बोलावते. वास्तू मृत्यू पावली तरी तिचे कार्य दुसऱ्या ठिकाणी जगू शकते, हा त्या कथेचा बोध आहे.

म्हणून कोणतेही धर्मग्राममंदिर पाडण्यापूर्वी वा ‘सुशोभित’ करण्यापूर्वी त्यास चार प्रश्न विचारावेत. ते कोणत्या समूहाने, कोणत्या श्रमाने उभारले? येथील ऊन, पाऊस व दगड यांच्याशी त्याने कोणती तडजोड केली? त्याच्या उंबरठ्यातून प्रथमच आत आलेले कोण होते? आणि त्याच्या आवारात लोक आज काय करतात? चारही प्रश्नांना उत्तर नसेल, तर ते खुशाल पाडावे. एकास जरी असेल, तर निदान ते उत्तर ज्या भागात आहे तो भाग राखावा. कोठे ती ओसरी असेल, कोठे शाळेची पहिली खोली, कोठे केवळ अंगणातील क्रूस व झाड. या कामाची पहिली पायरी विद्यापीठाच्या विभागांच्या आवाक्यातील आहे : पाचही जिल्ह्यांतील जुन्या मंदिरांची मोजमापे व आराखडे घेणे, धर्मग्रामांच्या नोंदवह्यांतील बांधकामाच्या नोंदी उतरवून घेणे, आणि गवंडी-पाथरवटांच्या घराण्यांतील वृद्धांचे कथन लिहून ठेवणे. यास द्रव्य थोडे लागते, परंतु काळ थांबत नाही.

गोदेस महापूर आला म्हणजे नाशिककर विचारतात, पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत आले का? परमुलखात ओतलेली, ख्रिस्तमंदिरासाठी घडविलेली, शिवालयाच्या तटावर टांगलेली ती घंटा आज नदीच्या पाण्याचे माप झाली आहे. तिची शैली कोणती, हे सांगता येईल. परंतु ती कोणाची, याचे उत्तर ज्यांनी तिला आपल्या बोलण्यात घेतले त्या नगराने दिले आहे. नाशिक धर्मप्रांतातील मंदिरांविषयीचा निर्णयही अखेर याच कसोटीवर व्हावयास हवा.